वेकसर्फिंगची बोट: डोंगरावरच्या तळ्यासाठी प्रॉपेलर कसा निवडावा?

निळीसावळी
८ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. बोटींवरचे जुने धागे चाळले, पण माझ्या अडचणीशी जुळणारं काही सापडलं नाही, म्हणून नवीन धागा काढतेय.

मार्चमध्ये आम्ही ऑस्टिन सोडून कोलोरॅडोत फोर्ट कॉलिन्सला राहायला आलो. बोट सोबत आणली. बावीस फुटी, इनबोर्ड (इंजिन बोटीच्या आत, प्रॉपेलर तळाखाली), व्ही-ड्राइव्ह (इंजिन मागच्या टोकाला), ५.७ लिटरचं व्ही-८ इंजिन, टर्बो किंवा सुपरचार्जर नाही. ऑस्टिनला लेक ट्रॅव्हिसवर चार उन्हाळे मुलं हिच्याच मागे वेकसर्फिंग शिकली. ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी: टाक्यांत पाणी भरून बोट मुद्दाम जड करायची, ताशी ११ मैलांच्या आसपास चालवायची, मागे जी लाट उठते तिच्यावर फळी घेऊन उभं राहायचं. लाट पकडली की दोर सोडून द्यायचा, मग नुसती लाटच पुढे नेते.

ट्रॅव्हिसवर टाक्यांत २४०० पौंड पाणी, वर आम्ही आठ माणसं, तरी ३२०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे) बोट निवांत ११ मैल धरायची. इथे हॉर्सटूथ जलाशयात तेच पाणी, तेवढीच माणसं, आणि थ्रॉटल पूर्ण ढकलला तरी बोट ९ मैलांवर अडते. नाक आभाळाकडे, मागचा भाग पाण्यात बुडालेला, इंजिन नुसतं घुमतंय. मुलगी पाण्यात दोर धरून तीनदा उठली, तीनदा बसली. शेवटी म्हणाली, "आई, राहू दे आता." ते फार लागलं मला.

इथल्या एका वर्कशॉपला दाखवली. त्यांनी इंधनाचा पंप, फिल्टर आणि प्लग बदलले, ११०० डॉलर घेतले. फरक शून्य. आता शेजारचे म्हणतात प्रॉपेलर बदला. संकेतस्थळावर गेले तर शेकडो प्रकार. कोणता घेऊ?

ऑस्टिनकर
८ जून, रात्री १०:१५

ताई, माझ्या बोटीला १५ इंची चार पात्यांचा आहे, झकास चालतो. डोळे मिटून घ्या. हवं तर दुवा पाठवतो.

मिरकरवाडा
९ जून, सकाळी ७:०५

ताई, कृपा करून अजून काही विकत घेऊ नका. ऑस्टिनकरांचा पंखा त्यांच्या बोटीला, त्यांच्या वजनाला आणि त्यांच्या तळ्याला बसतो. तुमचं तळं वेगळं आहे.

मी मरीन इंजिनिअर. घर रत्नागिरीत, वडिलांचा ट्रॉलर होता. आमच्याकडे प्रॉपेलरला पंखाच म्हणतात, म्हणून मीही तोच शब्द वापरतो.

तुमच्या बोटीत बिघाड झालेला नाही असं मला वाटतं. लेक ट्रॅव्हिस भरलेला असताना त्याची पातळी समुद्रसपाटीपासून ६८१ फूट असते. हॉर्सटूथ ५४३० फुटांवर आहे. टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर हजार फुटांमागे साधारण ३ टक्के घटते, कारण हवा विरळ आणि सिलिंडरमध्ये प्राणवायू कमी. म्हणजे ट्रॅव्हिसच्या मानाने तुमचं इंजिन इथे १४ टक्के कमी जोर लावतंय. भर दुपारी उन्हात त्याहून कमी. हवा विरळ झाली, पण पाणी तेवढंच घट्ट राहिलं. पंख्याला पाणी कापायला पूर्वीइतकाच जोर लागतो आणि तो जोर आता इंजिनाकडे नाही. पंप बदलून हे सुटणार नव्हतं.

मला चार गोष्टी हव्यात. एक, पंख्याच्या हबवर, म्हणजे मधल्या गड्ड्यावर, कोरलेले आकडे. दोन, गिअरचं गुणोत्तर, म्हणजे पंख्याच्या एका फेऱ्यामागे इंजिनाचे किती फेरे. तीन, इंजिनाच्या माहितीपुस्तकात पूर्ण थ्रॉटलला किती आरपीएम असावेत म्हणून लिहिलंय. चार, टाक्या रिकाम्या ठेवून, दोनच माणसं घेऊन, सपाट पाण्यावर पूर्ण थ्रॉटलला प्रत्यक्षात किती आरपीएम येतात. जाताना आणि येताना, दोन्हीकडून मोजा, म्हणजे वाऱ्याचा हिशोब निघून जाईल. वेग जीपीएसवर बघा.

चौथा आकडा सगळ्यात महत्त्वाचा.

सह्यगिरी
९ जून, सकाळी ११:३०

माझ्याकडे बोट नाही, पण विषय आवडला. पिच म्हणजे नेमकं काय? जास्त पिच म्हणजे जास्त वेग असं वाचलं होतं. मग ताईंनी जास्त पिचचा घेतला तर बोट ११ मैल गाठणार नाही का?

मिरकरवाडा
९ जून, दुपारी १:२०

पंख्यावर दोन आकडे असतात. समजा १४.५ × १४.२५. पहिला व्यास, म्हणजे पात्यांची टोकं फिरताना जे वर्तुळ काढतात त्याची रुंदी. दुसरा पिच. पंखा पाण्यात न घसरता, स्क्रू लाकडात शिरतो तसा शिरला असता, तर एका फेऱ्यात किती इंच पुढे गेला असता, तो आकडा.

जास्त पिच म्हणजे वरचा गिअर. कशेडी घाटात भरलेली एसटी चौथ्या गिअरमध्ये चढवायला गेलं तर काय होईल? गाडी धापा टाकेल, इंजिन गुदमरेल. सपाटीवर तोच गिअर वेग देतो. ताईंची बोट आत्ता घाटात आहे, आणि वरून इंजिनही थकलेलं. तिला खालचा गिअर हवा.

सर्फिंगमध्ये बोट पाण्यावर चढून सरपटत नाही. ती आपल्याच लाटेत अर्धी रुतलेली असते, आणि ती तशीच राहायला हवी, कारण ती रुतते म्हणून लाट उठते. या अवस्थेत कमाल वेगाचा काही उपयोग नाही, कमी वेगावर जोराचा धक्का हवा. आमच्या ट्रॉलरचं असंच. जाळं खेचताना दोन-तीन नॉट चालायचं आणि मागे जाळ्याचा सगळा भार. वडिलांनी एकदा मोठं इंजिन बसवलं आणि कुणाच्या तरी सांगण्यावरून जास्त पिचचा पंखा लावला. रिकामी बोट बाणासारखी सुटायची. जाळं पाण्यात टाकलं की धुराड्यातून काळा धूर आणि इंजिनाचा आवाज बसलेला. तो सगळा मोसम जास्त डिझेल जाळण्यात गेला. पावसाळी मासेमारीबंदी लागली, बोट वर ओढली आणि शाकारायच्या आधी वडिलांनी पहिलं काम केलं ते पंखा काढून कमी पिच करून घेण्याचं. नारळी पौर्णिमेनंतर तोच ट्रॉलर वेगळा वाटला.

पेट्रोल इंजिन काळा धूर दाखवत नाही, म्हणून तिथे आरपीएमच बघायचे.

टाहोवाला
९ जून, सायंकाळी ६:५०

मिरकरवाडांच्या प्रत्येक वाक्याला +१. मी सॅक्रामेंटोजवळ राहतो, बोट बहुतेक वेळ खालच्या तळ्यांत असते आणि ऑगस्टमध्ये दोन आठवडे लेक टाहोला. टाहो ६२२५ फुटांवर. पहिल्या वर्षी तुमच्यासारखंच झालं, मी टाक्या अर्ध्या रिकाम्या करून वेळ मारून नेली. लाट गुडघ्याएवढी झाली, मजा गेली. दुसऱ्या वर्षापासून दोन पंखे ठेवतो. खालचा आणि डोंगरावरचा. बदलायला अर्धा तास लागतो.

एक विचारतो, टेक्सासहून बोट आणलीत तर टाक्या गरम पाण्याने धुऊन घेतल्यात ना? ट्रॅव्हिसमध्ये २०१७ पासून झेब्रा शिंपले आहेत, तळ्यात झपाट्याने पसरणारे उपद्रवी शिंपले. त्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत आणि बॅलास्टच्या, म्हणजे वजनाच्या पाण्याच्या टाकीत उरलेल्या पाण्यात जिवंत राहतात.

निळीसावळी
१० जून, रात्री ८:३०

हो दादा, तपासणी आणि गरम पाण्याची धुलाई दोन्ही करूनच हॉर्सटूथमध्ये उतरवली. त्याशिवाय उतरवूच देत नाहीत, आणि बरोबरच आहे.

मिरकरवाडा दादा, आकडे देते. आज पहाटे साडेपाचलाच गेलो, दुपारी इथे वादळं येतात आणि पाणी उसळतं. हबवर १४.५ × १४.२५ कोरलंय, पुढे एलएच. चार पाती. गिअर दीडास एक. पुस्तकात पूर्ण थ्रॉटलला ४८०० ते ५२०० आरपीएम. रिकाम्या बोटीत मी आणि नवरा, जाताना ४६२०, येताना ४६८०. वेग ३५-३६ मैल. ऑस्टिनची जुनी वही काढली, तिथे हीच चाचणी ४९५० लिहिलीय.

मग टाक्या पूर्ण भरून एकदा. ९ मैल, ३३०० आरपीएम, त्याच्या पुढे काटा हललाच नाही.

गियरबॉक्स
११ जून, सकाळी ९:१०

पुण्यातून. बोटींचा अनुभव नाही, पण आकडेमोड करून बघितली ती मांडतो.

आरपीएम गुणिले पिच, भागिले गिअरचं गुणोत्तर गुणिले १०५६. यातून न घसरता किती मैल वेग आला असता ते मिळतं. १०५६ हा इंच-मिनिटांचे मैल-तास करणारा आकडा. ट्रॅव्हिस: ३२०० × १४.२५ ÷ (१.५ × १०५६) = २८.८ मैल. प्रत्यक्षात ११. म्हणजे घसर ६२ टक्के. हॉर्सटूथ: ३३०० ला २९.७, प्रत्यक्षात ९, घसर ७० टक्के.

६२ टक्के घसर बघून आधी मला वाटलं कुठेतरी चूक झाली. इतकी असते?

मिरकरवाडा
११ जून, दुपारी १२:४०

चूक नाही. सर्फिंगला निम्म्याहून जास्त घसर नेहमीचीच, बोट मुद्दाम शेत नांगरल्यासारखी चालवतो ना आपण. याच बोटीची रिकाम्या धावेतली घसर काढा, १५ टक्क्यांच्या आसपास येईल. पंखा तोच, भार बदलला.

आता ताईंचे आकडे. पुस्तक म्हणतं किमान ४८००, रिकामी बोट ४६५० देतेय. रिकाम्या बोटीलाही इंजिन आपल्या हक्काच्या आरपीएमपर्यंत पोचत नसेल तर पंखा जड आहे. मत-मतांतराचा प्रश्न नाही, टॅकोमीटरच सांगतोय. असं इंजिन कायम पूर्ण थ्रॉटलला दाबत राहिलं तर गरम होतं, ठोकायला लागतं, आयुष्य कमी होतं. हौसेपेक्षाही इंजिनासाठी हा बदल करा.

एक इंच पिच कमी केला की साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. दोन इंच कमी केला तर ३०० ते ४००. तुमचे ४६५० चे ५००० होतील, पुस्तकातल्या पट्ट्याच्या बरोबर मधोमध. म्हणजे १४.५ × १२.२५ च्या जवळचा.

ऑस्टिनकर
११ जून, सायंकाळी ७:३०

मी पहिल्या प्रतिसादात घाई केली, ते मान्य. पण एक शंका खरीच आहे. मोठा व्यास म्हणजे जास्त पाण्याला धक्का, आणि सर्फिंगला धक्काच हवा. मग १५ × १२.२५ का नको? सगळे नवीन सर्फ बोटींवाले मोठे पंखे लावतात.

मिरकरवाडा
११ जून, रात्री ९:५५

तत्त्व तुमचं बरोबर आहे. कमी वेगाच्या, जड कामाला मोठा व्यास आणि कमी पिच हीच योग्य दिशा. बऱ्याच नवीन बोटींत गिअर दोनास एकच्या आसपास असतो, शाफ्ट सावकाश फिरतो, म्हणून त्यांना १६-१७ इंची पंखा पेलतो. ताईंचा गिअर दीडास एक. व्यास एक इंच वाढवणं म्हणजे इंजिनावर दोन-तीन इंच पिच वाढवल्याइतका भार. अर्धा इंच व्यास वाढवला तर पिच कमी करून मिळवलेलं निम्म्याहून जास्त तिथेच जाईल.

दुसरी गोष्ट जागेची. पात्याचं टोक आणि बोटीचा तळ यांत व्यासाच्या निदान १० टक्के अंतर राहायला हवं. कमी राहिलं तर प्रत्येक पातं तळाजवळून जाताना पाण्याचा ठोसा बसतो आणि सगळी बोट थरथरते. ताई, बोट ट्रेलरवर असताना एक पातं सरळ वर करा आणि टोकापासून तळापर्यंत मोजा.

निळीसावळी
१२ जून, सायंकाळी ७:१५

मोजलं. बरोबर दीड इंच. मुलाने खाली झोपून पट्टी धरली.

तिथे असतानाच दिसलं की एका पात्याचं टोक किंचित दुमडलेलं आहे, नखाएवढं. स्टिअरिंगला हलका कंप असायचा, तो यामुळे असेल का? आणि याच दुमडीमुळे बोट अडत असेल तर नवीन पंखा न घेता हाच दुरुस्त करून भागेल?

मिरकरवाडा
१२ जून, रात्री १०:२०

दीड इंचात १४.५ चा बसतो, १५ चा घातला तर सव्वा इंच उरेल. तेव्हा व्यास आहे तोच ठेवा.

कंप त्या दुमडीमुळेच असणार. पण ९ मैलांवर अडण्याचं कारण ते नाही, १४ टक्के ताकद एका नखाएवढ्या दुमडीत जात नाही. तरी पंखा काढलात की प्रत्येक पात्याचा पिच घरी मोजून बघा. वडील असंच करायचे, वर्कशॉपला द्यायच्या आधी.

पंखा हबवर सपाट टेबलावर ठेवा. केंद्रापासून टोकापर्यंतच्या अंतराच्या ७० टक्क्यांवर प्रत्येक पात्यावर खडूने खूण करा. तुमच्या पंख्याला ते केंद्रापासून ५ इंचांपेक्षा जरासं जास्त, ५.०७ इंच. त्या वर्तुळाचा परीघ ३१.९ इंच. आता त्या वर्तुळाच्या रेषेवर, पात्याच्या एका कडेकडून दुसरीकडे, टेबलावर मोजलेले आडवे ४ इंच घ्या आणि तेवढ्यात पातं किती इंच उभं चढलं ते गुण्या (काटकोनी पट्टी) लावून मोजा. चढ भागिले ४ गुणिले ३१.९ म्हणजे पिच. १४.२५ च्या पात्याला चढ १.७९ इंच यायला हवा. चारही पात्यांना सारखाच आला तर पंखा सरळ. एखाद्याला १.७ किंवा १.९ आला तर ते पातं मुरडलंय.

तुमचा पंखा निकेल, ब्राँझ आणि ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा असेल, हे असे पंखे दुरुस्त होतात. दुरुस्त करून ठेवून द्या, विकू नका. पुन्हा कधी टेक्सासला बोट नेलीत तर कमी पिचचा पंखा तिथे ५२०० च्या वर जाईल, तेव्हा हाच लागेल.

सह्यगिरी
१३ जून, सकाळी १०:००

किती छान समजावताय दादा. आमचा कोयनेच्या बाजूला मित्रांचा गट आहे, एकाकडे आउटबोर्ड मोटरची फायबर बोट आहे. थोडं वजन वाढवून तिच्यामागे असं सर्फिंग करता येईल का? पंखा कमी पिचचा घेतो.

मिरकरवाडा
१३ जून, सकाळी १०:२५

नाही. कुठलाही पंखा घेऊन नाही. हे सगळ्यांनीच वाचावं.

वेकबोर्डिंगला, म्हणजे दोर धरून फळीवर ओढलं जाण्याच्या खेळात, माणूस साठ-सत्तर फूट दोराच्या टोकाला असतो. वेकसर्फिंगला तो बोटीच्या मागच्या कडेपासून पाच-दहा फुटांवर असतो, तोही दोर सोडून. पडला की लाट त्याला पुढे, बोटीकडे ढकलते. आउटबोर्ड आणि स्टर्नड्राइव्हचा पंखा बोटीच्या मागे उघडा फिरत असतो. इनबोर्डचा पंखा बोटीच्या पोटाखाली, मागच्या कडेच्या बराच पुढे असतो, म्हणूनच हा खेळ इनबोर्डमागे खेळतात. २०१५ मध्ये व्होल्वो पेंटाने पुढे तोंड केलेल्या पंख्यांचा ड्राइव्ह काढला तोही याच कारणाने.

मी रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात पंख्यात सापडलेला पाय बघितलाय. खलाशी जाळं सोडवायला उतरला होता. वय एकोणीस. मित्रांना समजावून सांगा.

आणि इनबोर्डवाल्यांनीही, कुणी बोटीच्या मागच्या चढायच्या फळीवर चढत-उतरत असेल तर गिअर न्यूट्रल करून भागवू नका, इंजिन बंद करा. पंख्याचा धोका आहेच, शिवाय एक्झॉस्टमधला कार्बन मोनॉक्साइड तिथेच साचतो, त्याला वास नसतो.

सह्यगिरी
१३ जून, सकाळी ११:१०

समजलं दादा. आजच गटात सांगतो. बरं झालं विचारलं.

टाहोवाला
१३ जून, रात्री ८:००

ताई, मागवताना चार गोष्टी पक्क्या करा. फिरण्याची दिशा, शाफ्टचा व्यास, शाफ्ट निमुळता की दातेरी, आणि कप. तुमच्या हबवर एलएच आहे म्हणजे डावा. बोटीच्या मागे उभं राहून बघितलं तर पुढे जाताना घड्याळाच्या उलट फिरतो. चुकून उजवा आला तर पुढचा गिअर टाकल्यावर बोट मागे जाईल.

कप म्हणजे पात्याच्या मागच्या कडेला दिलेला बारीक वळसा. इंचाच्या हजाराव्या भागांत मोजतात. त्याने पंखा पाणी घट्ट धरतो, भाराखाली कमी घसरतो, पण इंजिनाला तो थोडा जास्त पिच असल्यासारखा वाटतो. मी टाहोसाठी आधी जास्त कपचा घेतला आणि कमी केलेल्या पिचचा अर्धा फायदा तिथे गेला. तुम्ही जुन्याएवढाच कप ठेवा, म्हणजे एकच गोष्ट बदलली आणि तिचा परिणाम दिसला असं होईल.

पाच पात्यांचा कुणी सुचवेल. चालतो मऊ, पण ताकद कमी असताना जास्त पाती फिरवणं परवडत नाही. चारच ठेवा.

निळीसावळी
१४ जून, रात्री ९:००

मागवला. १४.५ × १२.२५, डावा, चार पाती, जुन्याच कपचा. ५०० डॉलरच्या आत-बाहेर. पंप-प्लगच्या खर्चाच्या निम्म्यात. आधी इथे विचारलं असतं तर, असं सारखं वाटतंय.

बदलायचा कसा तेही सांगाल का? आम्हाला स्वतः करायचंय.

टाहोवाला
१५ जून, सकाळी ८:२०

नक्की करा, अवघड नाही. आधी बॅटरीचा स्विच बंद, किल्ली खिशात. नट अडवणारी कॉटर पिन असेल तर काढा, मग नट ढिला करा, पण पूर्ण काढू नका, दोन-तीन आटे राहू द्या. निमुळत्या शाफ्टवर पंखा वर्षानुवर्षं घट्ट बसलेला असतो आणि सुटतो तेव्हा ठण्ण आवाज करून उडतो. नट तिथे असला की तो पायावर पडत नाही. पुलर (पंखा ओढून काढायचं अवजार) हबला लावा, पान्याने हळूहळू ताण द्या. हातोडा पात्यांवर कधीच मारायचा नाही.

आता नवीन पंखा, हे मन लावून करा. शाफ्टच्या खाचेतली चावी, म्हणजे पंख्याला शाफ्टवर घसरू न देणारी धातूची पट्टी, काढून ठेवा. चावीशिवाय नुसता पंखा शाफ्टवर सरकवा, घट्ट दाबा, आणि हबची पुढची कड शाफ्टवर जिथे येते तिथे मार्करने रेघ मारा. पंखा काढा, चावी बसवा, पुन्हा सरकवा. कड त्याच रेघेपर्यंत आली पाहिजे. अलीकडेच थांबली तर पंखा निमुळत्या भागावर न बसता चावीवर चढलाय. मग चावी काढून घासा, पुन्हा बसवा. रेघेला रेघ मिळाल्याशिवाय नट आवळू नका. शाफ्ट तुटल्याच्या बऱ्याच गोष्टी इथूनच सुरू होतात.

नटमध्ये नायलॉनची कडी असेल तर नट नवीनच वापरा.

गियरबॉक्स
१५ जून, सायंकाळी ५:४५

माझा अंदाज आधीच नोंदवून ठेवतो. ट्रॅव्हिसएवढीच ६२ टक्के घसर धरली तर ११ मैलांना १२.२५ च्या पंख्याला ३७०० च्या आसपास आरपीएम लागतील. बघूया.

निळीसावळी
२३ जून, रात्री ८:५०

मंडळी, आज पहाटे गेलो. सगळं सविस्तर लिहिते.

शनिवारी पंखा बदलला. जुना सुटताना खरंच ठण्ण झालं, मुलगा दचकून मागे सरकला. नवीन पहिल्यांदा चावीसकट रेघेच्या जवळजवळ पाव इंच अलीकडे थांबला. टाहोवाला दादा, तुम्ही सांगितलं नसतं तर मी तसाच आवळला असता. चावीच्या वरच्या कडेला बारीक बावरी, म्हणजे धातूचा टोचरा उंचवटा, होती. नवऱ्याने काचेवर सँडपेपर ठेवून ती सपाट घासली, तीन वेळा काढ-घाल केली, चौथ्यांदा रेघेला रेघ मिळाली.

रिकाम्या बोटीला पूर्ण थ्रॉटलला ४९८० आणि ५०२०. कमाल वेग ३३ मैल, म्हणजे दोन-तीन मैल गेले. जाऊ देत.

मग टाक्या पूर्ण भरल्या, वर आठ माणसं. थ्रॉटल ढकलला. ९ मैलांवर नाक वर गेलं तेव्हा पोटात गोळा आला, पण या वेळी इंजिनाचा आवाज बसला नाही, चढत गेला. नऊ, दहा, अकरा. ११ मैलांना ३६८० आरपीएम आणि थ्रॉटल अजून पुढे जायला जागा होती! गियरबॉक्स, तुमचा अंदाज वीस आरपीएमने चुकला फक्त.

मुलगी पहिल्या झटक्यात उभी राहिली. दोर सोडला आणि हात पसरून बघत राहिली माझ्याकडे. सहा मिनिटं. लाट कमरेएवढी, कडा स्वच्छ. पूर्वी आरपीएम वाढले की मला इंजिनाची काळजी वाटायची. आज ३६८० ला इंजिन जे गात होतं ते ऑस्टिनच्या ३२०० पेक्षा मोकळं होतं. कंपही गेला.

जुना पंखा टेबलावर ठेवून मोजला. तीन पात्यांना १.८, चौथ्याला १.७. दुरुस्तीला दिलाय.

मिरकरवाडा दादा, तुमचे आभार कसे मानू?

मिरकरवाडा
२४ जून, सकाळी ६:४०

आभार राहू देत ताई, मुलीचा फोटो वडिलांना दाखवेन, त्यांना पंख्याची गोष्ट फार आवडेल.

दोन सांगायचं राहिलं. लाट मोठी झाली म्हणजे काठावरही मोठीच जाणार. मिनेसोटा विद्यापीठाच्या २०२२ च्या अभ्यासात अशा बोटींना काठापासून ५०० फूट लांब राहा असं सांगितलंय. आणि नाक वर असताना पंख्याचा झोत खाली तळाकडे जातो, उथळ पाण्यात गाळ उसळतो. खोल, मधल्या पाण्यात चालवा.

दुसरं, पाच-सहा तास चालवून झाले की नट पुन्हा तपासा. नवीन पंखा निमुळत्या भागावर थोडा आणखी सरकून बसतो आणि नट ढिला पडू शकतो.

निळीसावळी
३० जून, सायंकाळी ६:१५

सहा तास झाले, आज तपासला. बसवताना नट आणि हबवर मिळून नखपॉलिशची एक रेघ ओढून ठेवली होती. रेघ जुळलेलीच होती, तरी पान्याने ताण देऊन बघितला, जेमतेम आठवा भाग फेरा आत गेला. जुनी रेघ पुसून नवीन ओढली.